निर्माल्य पाण्यात गेल्यावर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांची घरे मूळची खानदेशातली. मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळजवळून वाहत सुरतेला येते. आपली माणसेही तिच्याच काठाने आली. सिंगणपोरच्या कॉजवेपाशी तिचे गोडे पाणी अडते आणि तेच आपण पितो. त्या गोड्या पाण्यातल्या एका अदृश्य सेवेकऱ्याची ओळख आज आम्ही करून देणार आहोत.

भाकरीवर येणारी बुरशी घरोघरी परिचयाची. तिची एक साधी, प्राचीन नातलग तळ्यांत आणि नद्यांत राहते. तिचे नाव कायट्रिड. एडविन बटलर यांनी १९०७ साली बिहारमधील पुसा येथून भारतातल्या काही कायट्रिडांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा बीजाणू मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा. त्याला एकच शेपटी असते. ती हलवत तो पोहतो. पाण्यात पडलेला परागकण सापडला की त्याला चिकटतो, आत मुळांसारखे तंतू सोडतो आणि पाचकरसाने तो कण पचवतो. पुढे फुगलेल्या पिशवीतून नवे बीजाणू बाहेर पडतात. काही कायट्रिड सडलेली पाने खातात, तर काही शेवाळावर जगतात.

पाण्यातल्या बारीक जीवांना मोठे शेवाळ गिळता येत नाही, पण बीजाणू सहज खाता येतात. त्या जीवांना मासे खातात. म्हणजे जे अन्न वाया गेले असते, ते या बुरशीमुळे माशांपर्यंत पोहोचते.

मग प्रश्न येतो, "बुरशी आहे ना, मग निर्माल्य नदीत टाकले तर बिघडले काय?" बिघडते ते प्रमाणामुळे. दूर्वा, जास्वंद, झेंडू कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. एका दिवसात ढीगभर फुले पडली की तो कमी पडतो आणि मासे गुदमरतात. प्लास्टर, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या पिशव्या तर या सेवेकऱ्यालाही पचत नाहीत.

महापालिका विसर्जनासाठी कृत्रिम तलाव बांधते, ते याचसाठी. तेव्हा आमची विनंती एवढीच: मूर्ती शाडूची आणा आणि निर्माल्य कुंडीतल्या मातीत मिसळा. तिथेही बुरशी आहेच. ती त्याचे खत करील आणि पुढच्या वर्षीची जास्वंद त्याच कुंडीत फुलेल.

गणपती बाप्पा मोरया!