आमवात आणि शरीरातले निरोपे

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, गुरुजींना खडू धरवत नाही, बाईमाणसाला भाकरी थापवत नाही, आणि हा ताठरपणा तासभर तरी सुटत नाही. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. असे काही आठवडे चालले, तर गार हवेचे दुखणे म्हणून सोडून देऊ नका. हा आमवात असू शकतो. तो तिशी-चाळिशीतही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक.

म्हातारपणी गुडघे झिजतात ती गोष्ट वेगळी. इथे सांध्यावर घरचेच पहारेकरी चालून येतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात, हे शाळेतली मुलेही सांगतील. या पेशी एकमेकींना हाक मारतात ती सायटोकाइन नावाच्या सूक्ष्म प्रथिनांकरवी. आपण त्यांना निरोपे म्हणू. जखम झाली की निरोपे सुटतात, पेशी जमतात, सूज येते. काम झाले की सारे पांगतात. आमवातात ही हाकाटी थांबतच नाही. सांध्याचे आतले अस्तर एरवी अगदी पातळ. ते जाड होते, फुगते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. कुरतडलेले हाड पूर्ववत भरून येत नाही, बरं का.

निरोपे अनेक, मग म्होरक्या कोण? लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या मंडळींनी रोग्यांच्या सांध्यातल्या पेशी काचपात्रात ठेवून पाहिल्या. टीएनएफ हा एकच निरोप्या अडवला, तर इंटरल्यूकिन-१ हा दुसराही मंदावला. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफला धरून ठेवणारे औषध रोग्यांना शिरेतून दिले, आणि काही आठवड्यांत सूज ओसरली. औषध थांबताच ती परतली, हेही खरे.

आणखी एक अडचण आपल्याकडे मोठी आहे. क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवण्याचे कामही हाच टीएनएफ करतो. म्हणून हे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते. शिवाय ते महाग. बहुतेकांना आधी मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी देतात. नुसत्या वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, कुरतडणे थांबत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे लवकर जा. गर्भार असाल किंवा मूल हवे असेल, तर ते त्यांना आधी सांगा. आणि मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. डॉक्टरांनी सांगितलेला वार पाकिटावर ठळक लिहून घ्या, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणालाही ठाऊक असू द्या.