नाताळचीं अंड्याचीं पेयें

युरोप आणि अमेरिका येथील अनेक घरीं नाताळच्या सुमारास एक पिवळसर, दाट व गोड पेय पाहुण्यांपुढें येतें. त्यांत दूध असतें किंवा नसतें, मद्य असतें किंवा नसतें. अंडें मात्र बहुधा असतेंच. परदेशीं शिकावयास किंवा नोकरीस गेलेला मराठी मनुष्य या सर्वांस सरसकट ‘एगनॉग’ म्हणून मोकळा होतो. बासुंदी, रबडी आणि मसाल्याचें दूध यांना एकच नांव देणाऱ्या पाहुण्याकडे पुण्याची एखादी गृहिणी ज्या नजरेनें पाहील, त्याच नजरेनें हॉलंडची किंवा मेक्सिकोची गृहिणी या मराठी मनुष्याकडे पाहते. हा भेद नुसत्या चवीपुरता असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु कोणत्या पेल्यांतील अंडें शिजलेलें आहे, कोणत्या पेल्यांतील कच्चें आहे, आणि कोणता पेला मुलांच्या हातीं देऊं नये, हें या भेदावरूनच कळतें.

अंड्याचा पांढरा भाग सुमारें ६० अंश सेंटिग्रेडला घट्ट होऊं लागतो. पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. साखर व दूध मिसळल्यास ही मर्यादा आणखी थोडी वर सरकते. बलकांत लेसिथिन नांवाचें एक द्रव्य असतें. पाणी आणि स्निग्धांश यांचा जो स्वाभाविक बेबनाव, तो हें द्रव्य मिटवितें. म्हणून साय, दूध, साखर व मद्य एकाच पेल्यांत एकजीव होऊन राहतात. आंच जास्त झाली कीं अंड्याच्या गुठळ्या होतात आणि पेयाची कढी फुटल्यासारखी अवस्था होते. या एका अडचणींतून निरनिराळ्या देशांतील लोकांनीं निरनिराळ्या वाटा काढल्या, आणि त्या वाटा म्हणजेच हीं पेयें.

सर्वांत जुनी वाट इंग्लंडमधील ‘पॉसेट’ची. मध्ययुगांत तेथें कढत दुधांत द्राक्षाचें किंवा जवाचें मद्य ओतून दूध मुद्दाम फाडीत. आपल्याकडे सणाच्या दिवशीं दूध फाटलें तर घरांत हळहळ होते. तेथें फाटणें हाच हेतु! पुढें सधन घरांत त्यांत अंडीं, साय आणि मसाले पडूं लागले. पॉसेटकरितां तोटीचीं खास भांडीं असत. तोटीनें खालचें पातळ प्यावयाचें आणि वरचा घट्ट थर चमच्यानें खावयाचा.

इंग्रज वसाहतवाले अमेरिकेंत गेले तेव्हां ही आवड बरोबर घेऊन गेले. तेथें गाई व कोंबड्या घरोघरीं होत्या, आणि वेस्ट इंडीज बेटांतून येणारी उसाची रम युरोपीय मद्यापेक्षां स्वस्त पडे. त्यांतून एगनॉग निघालें. हें नांव १७७५ च्या सुमारास तेथील लिखाणांत आढळूं लागतें. ‘नॉग’ म्हणजे पूर्व इंग्लंडांतील एक कडक बिअर, असें कांहीं पंडित म्हणतात. ‘नॉगिन’ म्हणजे लांकडी पेला, त्यावरून हें नांव आलें, असें दुसरे म्हणतात. कृति सोपी आहे. बलक साखरेसह घोटावयाचा, त्यांत दूध, साय व मद्य मिसळावयाचें, पांढरा भाग वेगळा फेंटून त्याचा फेस वर हलक्या हातानें कालवावयाचा, आणि जायफळ किसून घालावयाचें. जुन्या पद्धतींत विस्तवाशीं संबंधच नाहीं; अंडें अथपासून इतिपर्यंत कच्चें. जॉर्ज वॉशिंग्टन याच्या नांवावर एक कृति अमेरिकेंतील नियतकालिकांतून वारंवार छापली जाते. परंतु त्याच्या कागदपत्रांत तिला आधार सांपडत नाहीं. थोरांच्या नांवावर पाककृति खपविण्याची हौस सर्व देशांत सारखीच दिसते.

या सौम्य दिसणाऱ्या पेयानें एकदां मोठा अनर्थ घडविला. न्यूयॉर्क संस्थानांत हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पॉइंट येथें अमेरिकेची सैनिकी पाठशाला आहे. तिचा तेव्हांचा प्रमुख सिल्व्हेनस थेअर हा मोठा शिस्तीचा मनुष्य. त्यानें छात्रांना मद्याची सक्त मनाई केली होती. नाताळचें एगनॉग मद्यावांचून कसलें, असा विचार करून छात्रांनीं बाहेरून व्हिस्की चोरून आणली. १८२६ च्या २४ डिसेंबरच्या रात्रीं मेजवानी सुरू झाली. पहांटेपर्यंत खिडक्यांच्या कांचा फुटल्या, सामानाची मोडतोड झाली, आणि आवरावयास आलेल्या अधिकाऱ्यांवर हात उगारण्यापर्यंत मजल गेली. पुढें एकोणीस छात्रांवर सैनिकी न्यायालयापुढें खटले चालले व कित्येकांचें शिक्षण तेथेंच संपलें. त्या रात्रीच्या मंडळींत जेफर्सन डेव्हिस नांवाचा एक छात्र होता. त्याला वेळींच खोलींत पाठविण्यांत आलें म्हणून तो खटल्यांतून बचावला. हाच पुढें १८६१ मध्यें अमेरिकेंतील फुटीर दक्षिणी संस्थानांचा अध्यक्ष झाला. सायीच्या गोडव्याखालीं मद्याचा तिखटपणा लपतो, आणि किती पोटांत गेलें याचा अंदाज राहत नाहीं. इतर मद्यांपेक्षां हें पेय फसवें ठरतें तें येथेंच.

अमेरिकेंतच ‘टॉम अँड जेरी’ या नांवाचें दुसरें एक पेय आहे. (मांजर-उंदराच्या चित्रपटाशीं त्याचा संबंध नाहीं, पेय पुष्कळ जुनें आहे.) येथें अंडीं फेंटून साखर व मसाल्यासह भज्याच्या पिठासारखें सरबरीत मिश्रण करतात, त्यांतील चमचाभर पेल्यांत घालतात, आणि वर रम, ब्रँडी व कढत दूध किंवा पाणी ओततात. एगनॉग थंड, हें गरम. विस्कॉन्सिन व मिनेसोटा या कडक थंडीच्या संस्थानांत तें अद्याप टिकून आहे, यांत नवल नाहीं.

हॉलंडमध्यें गेलें म्हणजे दूध पेल्यांतून नाहींसेंच होतें. तेथील ‘अॅडव्होकाट’ हें बलक, साखर आणि ब्रँडी यांचें बनतें. भांडें गरम पाण्यांत धरून सावकाश ढवळीत राहिलें म्हणजे मिश्रण श्रीखंडासारखें दाट होतें, आणि डच लोक तें लहान पेल्यांत घालून, वर घुसळलेली साय ठेवून, चमच्यानें खातात. डच भाषेंत या शब्दाचा अर्थ वकील. न्यायालयांत बोलून बोलून कोरडा पडलेला वकिलांचा घसा यानें मोकळा होई, अशी एक उपपत्ति आहे. दक्षिण अमेरिकेंतील अॅव्होकॅडो फळाच्या गरापासून मूळ पेय निघालें, अशी दुसरी. वकिलांनीं पहिलीचाच पक्ष घ्यावा हें स्वाभाविक आहे. इंग्लंडांत हेंच पातळ करून, लेमोनेड घालून, ‘स्नोबॉल’ म्हणून नाताळांत पितात. जर्मनींत याच जातीचें पेय ईस्टरलाहि तितक्याच आवडीनें घेतलें जातें.

एगनॉग आणि अॅडव्होकाट यांतील अंतर कायद्याच्या भाषेंत फार स्वच्छ दिसतें. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें अॅडव्होकाटच्या एका लिटरांत निदान १४० ग्रॅम बलक, म्हणजे सुमारें सात-आठ अंड्यांचा बलक, असावा लागतो, आणि मद्यार्क निदान १४ टक्के. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें एगनॉगमध्यें दुधाचा स्निग्धांश ६ टक्क्यांहून कमी चालत नाहीं. बलकाचा घन अंश मात्र अवघा १ टक्का असला तरी पुरतो. एक अंड्याचें पेय आहे, दुसरें दुधाचें.

मेक्सिकोमधील ‘रोंपोपे’ या दोहोंच्या मधोमध बसतें. त्याचें मूळ प्वेब्ला शहरांतील सांता क्लारा मठाच्या जोगिणींकडे सांगतात. दूध, साखर व दालचिनी उकळून त्यांत बलक घालावयाचा आणि मंद आंचेवर शिजवावयाचा, बदामाची पूड घालावयाची, निवाल्यावर रम. बासुंदीवर पोसलेल्या जिभेला हें सर्वांत जवळचें वाटेल. केवळ बलकावर चालणारी पाककला पोर्तुगालच्या मठांतहि होती. तेथें अंड्याचा पांढरा भाग वस्त्रांना खळ करण्यास लागे, आणि उरलेल्या बलकाचीं पक्वान्नें होत. गोव्यांतील नाताळचें बेबिंक, ज्यांत डझनांनीं बलक पडतात, तें याच घराण्यांतील. रोंपोपेला स्पॅनिश भाषेंत ‘अंड्याचें पोंचे’ असेंहि म्हणतात. ‘पोंचे’ म्हणजे इंग्रजी ‘पंच’. आणि तो शब्द सतराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनीं हिंदुस्थानांतून नेला, मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला या पांच जिनसांवरून तो पडला, असें मत पुष्कळ ठिकाणीं दिलेलें आहे. कांहीं कोशकारांना याविषयीं शंका आहे. तें मत खरें असल्यास मेक्सिकोच्या मठांतील त्या पेयाच्या नांवांत आपला ‘पांच’ हा आंकडा लपलेला आहे.

आतां कच्च्या अंड्याचा प्रश्न. त्यांत साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असण्याचा संभव असतो. लहान मुलें, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना त्यांची बाधा जड जाते. अंड्याचें मिश्रण ७१ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें, अशी अमेरिकेंतील आरोग्य खात्यांची सूचना आहे. रोंपोपे नीट शिजवलेलें असेल तर त्यांत धोका नाहीं. टॉम अँड जेरीमध्यें कढत दूध पडतें, पण तेवढ्यानें अंडें शिजतेंच असें नाहीं. घरगुती एगनॉगमध्यें धोका उघड आहे. मद्यानें जंतु मरतात, ही समजूत अर्धीच खरी. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत रेबेका लान्सफील्ड (१८९५-१९८१) या जंतुशास्त्रज्ञ बाईंची एगनॉगची कृति चालत आली होती. त्यांत मद्यार्क सुमारें २० टक्के. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत तेथील संशोधकांनीं त्यांत मुद्दाम साल्मोनेला घातले व तें शीतपेटींत ठेवलें. आठवड्यानंतरहि जंतु जिवंत होते; तीन आठवड्यांनीं मात्र एकहि उरला नाहीं. म्हणजे सकाळीं करून संध्याकाळीं प्यालेल्या एगनॉगमध्यें रम कितीहि ओतली तरी तिचा भरंवसा धरतां येत नाहीं.

अमेरिकेंतील दुकानांत हिंवाळ्यांत पुठ्ठ्याच्या पेटींतून मिळणारें एगनॉग तापवून निर्जंतुक केलेलें असतें, आणि बहुधा त्यांत मद्यहि नसतें. मुलांना तें चालतें. मात्र तें नुसतें मसाल्याचें दूध आहे असें समजून शाकाहारी मंडळीनें पेला तोंडाला लावूं नये. अंडें त्यांत असतेंच. अशा घरांना पोर्तो रिको बेटांतील ‘कोकितो’ जवळचें. नारळाचें दूध, आटवलेलें गोड दूध, दालचिनी आणि रम, एवढ्यावर तें होतें. कांहीं घरांत त्यांत बलक घालतात, कांहीं घरांत नाहीं, आणि खरें कोकितो कोणतें यावर तेथें दर नाताळांत वाद होतो. बलक व रम दोन्ही वगळलेला पेला पुढें ठेवला तर कोंकणांतील मनुष्य तो दुसऱ्यांदा मागून घेईल.