प्रौढ वयातील कराटेचा अभ्यास

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जळगाव येथे दिलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलावयास विषय दिला तो 'प्रौढांनी व्यायाम करावा काय?' असा होता. करावा, असे आपणां सर्वांचेच मत असणार. तेव्हा त्यावर अर्धा तास बोलणे म्हणजे आपल्या भोजनाची वेळ फुकट लांबविणे होय. म्हणून त्यांच्या अनुमतीने आम्ही विषय थोडा अरुंद करून घेतला आहे. मोठ्या वयात एखादा व्यायाम नियमाने वर्षानुवर्षे चालविला असता त्यात कोणते चढउतार येतात, तो कशाने तुटतो आणि तुटल्यावर पुन्हा कसा जुळतो, एवढेच सांगावयाचे आहे. उदाहरण कराटेचे घेतले आहे. कारण गेली अकरा वर्षे आम्ही तो जळगावात करीत आलो आहोत, आणि मंडळाच्या सभागृहासंबंधी जो प्रश्न सध्या कार्यकारिणीपुढे आहे तो याच वर्गातून निघालेला आहे. त्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येणारच आहोत.

कराटे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विटा फोडणारा, किंकाळ्या मारणारा चित्रपटातील नट उभा राहतो. खऱ्या वर्गात विटा नसतात. तेथे एका ओळीत उभे राहून तोच ठोसा, तीच लाथ, तोच बचाव शेकडो वेळा करावयाचा असतो. आपल्या तालमीतील जोर-बैठकांस जो कंटाळा असतो तोच याही विद्येस आहे, आणि आमच्या मते तिचा गुणही त्या कंटाळ्यातच आहे. अशा हालचालींची ठरावीक क्रमाने गुंफलेली जी मालिका, तिला 'काता' म्हणतात. पहिल्या पाठातील 'हेइआन शोदान' या कात्यात एकवीस हालचाली आहेत. लहान मूल त्या आठवड्यात पाठ करते. आम्हांस अडीच महिने लागले. डावे कोठे आणि उजवे कोठे हे जन्मभर मुलांना शिकविलेल्या माणसास वळता वळता उमगेनासे होते, हा अनुभव मोठा गमतीचा आहे.

ही विद्या जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावरची. ती जपानच्या मुख्य भूमीवर रुजविण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते गिचिन फुनाकोशी हे व्यवसायाने शाळामास्तर होते, हे कळल्यावर आम्हांस त्यांच्याविषयी विशेष आपलेपणा वाटू लागला. त्यांचा जन्म १८६८ सालचा. लहानपणी ते अशक्त होते, आणि प्रकृती सुधारावी म्हणून या अभ्यासाकडे वळले. तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केल्यानंतर, १९२२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी तोक्योस गेले आणि तेथेच राहिले. पोटासाठी त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात पहारेकऱ्याचे, माळ्याचे आणि खोल्या झाडण्याचे काम पत्करले, व उरलेल्या वेळात शिकविले. १९५७ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते वारले. ज्या वयात आपल्याकडे निवृत्तिवेतनाचे कागद जुळविण्यास आरंभ होतो, त्या वयात या मास्तराने परक्या शहरात झाडू हाती घेऊन नवा संसार मांडला.

आता योगायोग पाहा. त्याच १८६८ साली आपल्या महाराष्ट्रात औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म झाला. त्यांनी तारुण्यात सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला आणि पुढे चाळिशीच्या सुमारास सूर्यनमस्कार धरले, ते अखेरपर्यंत सोडले नाहीत. आपल्या संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९५१ साली, ब्याऐंशी वर्षांचे होऊन ते निवर्तले. एक राजा, एक मास्तर. दोघांत समुद्राचे अंतर. परंतु दोघांचाही मुख्य अभ्यास प्रौढपणी बहरला. तेव्हा व्यायाम हे पोरवयाचे काम, ही आपल्या खानदेशातील समजूत शास्त्रानेही सिद्ध होत नाही आणि इतिहासानेही नाही. आम्ही मैदानाकडे निघालो की पारावरून एक वृद्ध गृहस्थ हटकून विचारीत, "गुर्जी, या उमरमा आते काय उड्या मारतस?" त्यांस हे दोन्ही दाखले आम्ही ऐकविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारले.

या चढउतारांचे मूळ देहाच्या घडणीत आहे. तिशी ओलांडल्यावर दर दशकात स्नायूंचा काही अंश झिजत जातो. व्यायामाने ती झीज मंदावते, काही अंशी भरूनही निघते. तथापि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या ज्या कंडरा, त्यांस रक्ताचा पुरवठा कमी असल्याने त्या फार सावकाश बळकट होतात. परिणाम असा, की पहिल्या तीन-चार महिन्यांत प्रौढ विद्यार्थ्यास आपण फार जलद सुधारलो असे वाटते. दम वाढतो, झोप चांगली लागते, जिना चढताना धाप लागत नाही, अंगरखा सैल होतो. स्नायू सज्ज झालेले असतात, कंडरा झालेल्या नसतात. आणि नेमक्या त्याच सुमारास गुडघा किंवा घोटा बोलू लागतो. आमच्या वर्गातील बहुतेक प्रौढ मंडळी गळाली ती याच टप्प्यावर, चौथ्या ते सातव्या महिन्यात. आमचा स्वतःचा उजवा गुडघा पाचव्या महिन्यात सुजला. खरबरीत फरशीवर टेकलेला पाय वाटोळा फिरत नाही, आणि लाथेचा सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. पुढे दीड महिना आम्ही खुर्चीवर बसून केवळ हातांचे प्रकार केले. शिकविणारा तरुण आमच्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा होता. त्याने आम्हांस घरी धाडले नाही, खुर्ची आणून दिली. हे त्याचे शहाणपण आम्ही विसरलो नाही.

त्यानंतर जो काळ येतो तो अधिक कठीण. दुखत काही नाही, आणि सुधारतही काही नाही. वर्ष वर्ष लाथ कमरेच्या वर जात नाही. शेजारचा बारा वर्षांचा पोरगा मात्र सहा महिन्यांत तीन पायऱ्या चढून जातो. पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंतच्या या पायऱ्या मूळच्या कराटेच्या नव्हेत, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो, जे स्वतः शिक्षकांच्या महाविद्यालयाचे प्रमुख होते, त्यांच्याकडून श्रेणींची आणि काळ्या पट्ट्याची पद्धत कराटेत आली; मधले रंगीत पट्टे पुढे युरोपात रूढ झाले. म्हणजे ही शाळामास्तरांचीच करामत! मुलांना वरच्या इयत्तेची ओढ लागावी म्हणून ती उत्तम आहे. मात्र पन्नाशीच्या माणसाने स्वतःस तिच्याने मोजू लागणे हे निरुत्साहाचे कारण होते. आम्ही आमच्यापुरती हजेरीची वही ठेवली. पट्टा केव्हा मिळाला हे तीत नाही. महिन्यात किती सकाळी गेलो एवढेच आहे. जानेवारीत बारा, मेमध्ये चार, असे आकडे पाहिले की आपली खरी प्रगती आणि अधोगती कळते.

पट्ट्यांची निंदा आम्ही करीत असलो तरी परीक्षेस बसलो होतो, हेही सांगावे. ती धुळ्यास होती. पहाटेच्या एस्. टी.ने एरंडोल, पारोळा करीत आम्ही चौघे प्रौढ आणि सोळा मुले निघालो. मुले गाडीत भेंड्या लावीत होती. आम्ही चौघे मनात काता घोकीत होतो. चाळीस वर्षे ज्याने परीक्षा घेतल्या त्याची छाती परीक्षकासमोर धडधडते, हे त्या दिवशी प्रत्ययास आले. निकाल लागल्यावर पांझरेच्या काठी एकवीरा देवीचे दर्शन घेतले, आणि एका खानावळीत शेवभाजी इतकी तिखट मिळाली की त्यापुढे परीक्षा सौम्य वाटली.

आता अभ्यास तुटतो कशाने ते सांगतो. आळसाने तुटतो असे सर्वांस वाटते. आमची वही निराळे सांगते. आखाजीस माहेरवाशिणी येतात, श्रावणात कानबाईचा रोट असतो, दिवाळीनंतर कापूस वेचणीस येतो, तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांचा पाऊस सुरू होतो. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि रात्रभर झोप न लागलेला मनुष्य पहाटे साडेपाचास कसा उठणार? आजारपणे, सुतके, बाळंतपणे ही आहेतच. प्रौढ मनुष्य हा अनेकांचा असतो. त्याच्या दिवसावर त्याची एकट्याची मालकी नसते. म्हणून खंड पडणारच, असे धरूनच त्याच्या व्यायामाची आखणी केली पाहिजे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा वर्ग बंद पडला तो जवळजवळ दीड वर्ष. परतलो तेव्हा पाठ झालेले चार काते आम्ही पुरते विसरलो होतो. परंतु आश्चर्य असे, की पहिल्या वेळी ज्यास वर्षे लागली ते तीन महिन्यांत परत आले. तोल, दम आणि क्रम हे देहात कोठे तरी मुरून राहतात. खंडानंतर परत येणे हे आरंभ करण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. फक्त परत यावयास दार उघडे असावे लागते.

येथे भगिनींविषयी दोन शब्द. प्रारंभी मुलींना स्वसंरक्षणासाठी वर्गात घालीत, आणि आया भिंतीशी पिशव्या सांभाळीत बसत. तीन वर्षांपूर्वी त्यांतील एक भगिनी, वय सत्तेचाळीस, पिशवी बाजूस ठेवून ओळीत उभ्या राहिल्या. पंजाबी पोषाखात लाथ मारणे प्रशस्त की अप्रशस्त, यावर आपल्या समाजात महिनाभर चर्चा झाली. मग दुसऱ्या आल्या. मागील वर्षी तेवीस प्रौढांत अकरा भगिनी होत्या. त्यांतील दोघी मधुमेहाच्या आहेत. आपल्या देशात २०२१ साली मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण होते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले आहे. आपल्या जेवणावळी आणि आपले बैठे व्यवसाय पाहता आपला समाज त्यास अपवाद असेल असे मानण्यास कारण नाही. आम्ही वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेले शिक्षक. औषध सोडा असे आम्ही कोणासही सांगत नाही, आणि ज्यांस हृदयाचा किंवा सांध्यांचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ओळीत उभे राहू नये. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढील माणसांस, पडू नये म्हणून, आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविले आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार एक एक तास म्हणजे १८० मिनिटे. आणि एका पायावर उभे राहून वळणे हे तर कात्यात पदोपदी आहे. न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडलेली आपल्या समाजातील वृद्ध माणसे आठवून पाहा, म्हणजे त्या तोलाचे मोल कळेल.

आता सभागृहाचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी मंडळाने कृपावंत होऊन आपले सभागृह आठवड्यातून तीन पहाटे या वर्गास दिले. गतवर्षी लग्नसराईत, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, ते बंद ठेवावे लागले. मंडपवाले रात्रीच सामान आणून टाकतात, त्यांची गैरसोय होते, हे खरे. पाच महिन्यांनी वर्ग उघडला तेव्हा तेविसांपैकी नऊ जण परतले. यंदापासून दरवर्षी लग्नसराईत वर्ग बंदच ठेवावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. ती करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. सभागृहाच्या भाड्यातूनच आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहाचा खर्च चालतो. त्या पैशास धक्का लागावा असे आम्हीही म्हणणार नाही. ज्याने जन्मभर शाळेत काम केले त्यास शिष्यवृत्तीची किंमत सांगावयास नको.

मात्र घरचे कार्य उरकून मनुष्य दहा दिवसांनी परततो, तेव्हा त्यास वर्ग चालू दिसला पाहिजे. कुलूप दिसले तर तो घरी जातो आणि बहुधा पुन्हा येत नाही. म्हणून आमची विनंती अशी, की लग्नसराईत सभागृह खुशाल भाड्याने द्यावे आणि वर्गास वरची गच्ची मोकळी करून द्यावी. गच्चीचा जिना बाहेरून आहे, त्यामुळे वऱ्हाडास उपद्रव होणार नाही. उन्हाळ्यात पहाटे तेथे वाराही बरा असतो. कोब्यावर घालावयाच्या रबरी मॅट वर्गातील मंडळी वर्गणी काढून आणतील. मंडळाने फक्त एक दिवा, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहाची किल्ली द्यावी. पहाटेच्या ओरडण्याविषयी शेजाऱ्यांची जी तक्रार आहे ती रास्त आहे. साडेसहापूर्वी आरोळी न ठोकता अभ्यास करण्याचे शिक्षकांनी कबूल केले आहे.

कार्यकारिणीची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. ज्यांस गच्चीवर यावयाचे आहे त्यांनी, आणि ज्यांस हे सर्व निरर्थक वाटते त्यांनीही, तत्पूर्वी आपले म्हणणे चिटणीसांकडे लेखी द्यावे. नावनोंदणीचा कागद भोजनगृहाच्या दाराशी ठेवला आहे.