कार्बन क्रेडिटचा पैसा कोणाच्या पदरात?

(मंडळाच्या बडोद्यातील मासिक सभेत केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. पर्यावरण हा काही माझा विषय नव्हे, पण आजचा विषय मुळात हिशेबाचाच आहे, म्हणून उभा राहिलो.

पावागडला आपण सगळेच जातो. तिथून पुढे घोघंबा तालुक्यात रणजीतनगर आहे. तिथल्या गुजरात फ्लुओरोकेमिकल्सच्या कारखान्यात फ्रिज आणि एसीसाठी लागणारा एचसीएफसी-२२ वायू बनवताना एचएफसी-२३ हा नको असलेला वायू बाहेर पडे. क्योटो कराराच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन! तो जाळून टाकण्याचा प्रकल्प मार्च २००५ मध्ये नोंदला गेला. जगातल्या अगदी पहिल्या प्रकल्पांपैकी तो एक. एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट्स मिळायची. ती श्रीमंत देशांनी विकत घ्यायची आणि तेवढा धूर आपल्याकडे सोडायची मुभा मिळवायची.

वायू जाळला गेला हे चांगलेच झाले. पण १९९७ च्या या कराराच्या बाराव्या कलमात दोन हेतू लिहिले होते. श्रीमंत देशांना सवलत हा एक, आणि ज्या देशात प्रकल्प होईल त्याच्या शाश्वत विकासाला मदत हा दुसरा. पहिल्याचे मोजमाप टनाटनाने झाले. दुसऱ्यासाठी यजमान देशाच्या सरकारचे एक मंजुरीपत्र पुरले. आमच्याकडे ट्रॅक्टरला कर्ज दिले, तर ट्रॅक्टर खरोखर दारात आला का, हे बघायला माणूस जातो. इथे क्रेडिटचा भाव ठरताना विकास दारात आला का, हे विचारायची अटच नव्हती.

आता दुसरे टोक पाहा. कर्नाटकात बागेपल्लीला ५,५०० घरांत गोबरगॅस बसवण्याचा प्रकल्प २००५ च्या डिसेंबरात नोंदला गेला. बाईच्या डोळ्यांतला धूर गेला, लाकडाची मोळी गेली, शेणखतही मिळाले. त्याची वर्षाची बचत सुमारे २०,००० टन. म्हणजे साडेपाच हजार स्वयंपाकघरे मिळून रणजीतनगरच्या दोन टन वायूइतकीही भरत नाहीत! मग गिऱ्हाईक कुठे जाणार?

मायकेल वारा यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला. एचएफसी-२३ च्या क्रेडिट्सपोटी जगभर सुमारे ४७० कोटी युरो मोजले जाणार होते, आणि ते काम १० कोटींच्या आत होण्यासारखे होते. मधला फरक कोणाचा? चीनने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. २००५ च्या नियमानुसार अशा प्रकल्पांच्या क्रेडिट-उत्पन्नातले ६५ टक्के सरकारने घेतले आणि हवामानाच्या कामासाठी वेगळा निधी उभारला. गोबरगॅससारख्या कामांवर मात्र दोनच टक्के. चीनचे कौतुक करायला मी उभा नाही, पण हा व्यवहार त्यांना कळला. आपल्याला तेव्हा असा कर सुचला नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २००८ मध्ये वीस युरोंच्या वर गेलेला भाव २०१२ च्या अखेरीस एका युरोच्याही खाली आला. मोठ्यांनी कमावून घेतले होते. त्या भावाच्या भरवशावर उभे राहिलेले छोटे प्रकल्प अडकले. मे २०१३ पासून युरोपने या वायूची क्रेडिट्स घेणे बंद केले. आणि २०१६ मध्ये आपल्या सरकारने कारखान्यांना सांगितले, हा वायू स्वखर्चाने जाळा. जे काम एका आदेशाने होणार होते, त्यासाठी इतकी वर्षे बाजार भरवला होता म्हणायचा.

आता पॅरिस कराराखाली नवी व्यवस्था आली आहे. तिच्यात शाश्वत विकासाची तपासणी २०२४ पासून सक्तीची केली आहे. आपल्या देशानेही २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट योजना जाहीर केली. तेव्हा झाडे लावू, सुधारित चुली देऊ, असे सांगत लोक पंचमहाल, छोटा उदेपूरकडे कागद घेऊन येणारच. आपल्यापैकी अनेकांचे तिकडे येणे-जाणे आहे, काहींच्या जमिनी आहेत. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा. क्रेडिट कोणाच्या नावावर राहणार? विक्रीतला किती हिस्सा गावाला, आणि कोणत्या तारखेला? भाव पडला तर चुलीची दुरुस्ती कोण करणार? कागद इंग्रजीत असला तर रविवारी सकाळी मंडळात घेऊन या, मी वाचून देईन.