आमचे महाबलीपुरमचे कुटुंबसंमेलन
(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठे कुटुंबसंमेलन कसे भरवावे यावर चार शब्द बोला, असे कार्यवाहांनी सांगितले. मी वक्ता नाही. सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतली आणि तेव्हापासून रुळांच्या कामात आहे, त्यामुळे बोलण्यात अधूनमधून रूळ येतील. सांभाळून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या घराण्यातली चौसष्ट माणसे तीन दिवस महाबलीपुरमला एकत्र राहिली. त्याची हकीगत सांगतो. गावाकडची मंडळी एकदा इकडे बोलवावीत, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते.

कोकणातल्या घराण्यांची कुलमंडळे असतात, कुलवृत्तांत छापतात, गुहागरसारख्या कुलदैवताच्या गावी संमेलने भरतात. आमचे गाव माढा तालुक्यात. आमच्याकडे तशी प्रथा नाही. सगळे भेटतात ते लग्नाला नाहीतर दहाव्याला. त्यातही आमच्या दोन चुलत घरांत सामाईक विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षे बोलणे बंद होते. एका घरचा वडीलधारा म्हणजे आमचा आण्णा, दुसऱ्या घरचा दादा. दोघेही मला सख्ख्यासारखे. गावात संमेलन घ्यायचे तर पहिली पंगत कुणाच्या अंगणात, इथेच गाडी अडली असती. म्हणून मी म्हटले, ज्या गावात आपल्यापैकी कुणाचीच जमीन नाही अशा गावी जाऊ. महाबलीपुरम चेन्नईपासून साठेक किलोमीटर, समोर समुद्र आणि मी इथे आहे.

आता रुळांची गोष्ट. एखाद्या टप्प्यावर मालगाडीने किती वजन ओढावे हे त्या टप्प्यातला सर्वांत अवघड चढ ठरवतो. बाकीचे शंभर किलोमीटर सपाट असले तरी उपयोग नाही. याला आम्ही रूलिंग ग्रेडियंट म्हणतो. बहुतेक संमेलने उलट्या हिशेबाने आखली जातात. ज्यांच्याकडे पगारी रजा, गाडी आणि पैसा, त्यांच्या सोयीने तारीख ठरते आणि बाकीच्यांना "तुम्हीही या" असा निरोप जातो. ते येत नाहीत. मग आपण म्हणतो, त्यांना हौसच नाही!

आमच्या यादीत अवघड चढ तीन होते. बयाआत्या, वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, जन्मात समुद्र पाहिलेला नाही. दुसरा आण्णा, त्याच्या गोठ्यात सहा दुभती जनावरे. आणि तिसरी आमची एक धाकटी वहिनी, भाऊ गेल्यापासून दोन मुलांचे शिक्षण एकटीने ओढते आहे. ही तीन माणसे येतील अशी योजना झाली की बाकीचे येणारच, हे मी आधी वहीत लिहून ठेवले.

तारखेवरून बराच खल झाला. सगळ्यांचे मत दिवाळीच्या सुट्टीचे. दसरा झाला की पाऊस संपला, हे गावाकडचे गणित. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाळा, हे फोनवर पटवताना घसा बसला. डिसेंबर २०१५ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री मांडूस चक्रीवादळ तर महाबलीपुरमजवळच किनाऱ्याला लागले. मे महिन्यात कत्तिरीचे ऊन. पोंगलच्या दिवसांत, विशेषतः काणुम पोंगलला, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. उरला जानेवारीचा शेवट. २६ जानेवारी २०२४ शुक्रवारी येत होती, त्यामुळे नोकरदारांना जोडून सुट्टी. शाळूची काढणी तोवर सुरू होत नाही. म्हणजे शेतकरीही मोकळा. अपवाद उसाचा, कारण तोडीची टोळी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. आमचे एक घर त्यापायी ऐनवेळी राहिलेच.

तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे. (१ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांवर आली आहे, तेव्हा पुढे कुणी आखणी करील त्याने हे ध्यानात घ्यावे.) २४ जानेवारीच्या गाडीसाठी तारीख आली २६ सप्टेंबर २०२३, म्हणजे ऐन गणपतीत, विसर्जनाच्या दोन दिवस आधी. एका तिकिटावर सहाच नावे चालतात. म्हणून मुंबई, पुणे आणि सोलापूर येथे एकेका भाच्याला सकाळी आठला खिडकीवर उभे केले. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. म्हाताऱ्या माणसांचे तिकीट वेगळे काढा, एकेकट्याचे किंवा दोघांचे. खालच्या बर्थचा जो राखीव कोटा आहे तो पुरुषांना साठ आणि बायकांना पंचेचाळीस वर्षांपासून मिळतो, पण तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसे असली तर. आत्याला नातवंडांबरोबर एकाच तिकिटावर घातले की कोटा गेला. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा निदान बर्थ तरी पदरात पाडून घ्यावा.

पैशाचा प्रश्न थोरल्या काकांनी सोडवला. माणशी अंदाजे साडेतीन हजार खर्च काढला होता. सरसकट वर्गणी लावली असती तर वहिनीने "मुलांची परीक्षा आहे" असे सांगून विषय संपवला असता. काका म्हणाले, प्रत्येक घराने बंद पाकीट माझ्याकडे द्यायचे, जमेल तेवढे घालायचे, मी फक्त बेरीज सांगेन. बेरीज अंदाजापेक्षा थोडी जास्तच आली. कुणी किती दिले ते काकांनी आजतागायत काकूंनाही सांगितलेले नाही.

आण्णाचे मात्र पाकिटाने भागणारे नव्हते. जनावरांना सुट्टी नसते. "वहिनीला आणि पोरांना पाठवतो, मी राहतो," असे तो दोन महिने म्हणत होता. मुंबईकडचा भोर घाट ३७ फुटांना एक फूट चढतो. तिथे पुढचे इंजिन पुरत नाही, मागूनही इंजिने लावतात. मी सुचवले की पाच दिवस गोठा सांभाळणाऱ्या माणसाची मजुरी संमेलनाच्या खर्चातून द्यावी. यावर वाद झाला. एकाचे दूध काढायचे पैसे आम्ही का द्यायचे, असे दोघा-तिघांनी विचारले. माझे म्हणणे, बसभाडे आपण सगळे मिळून देतो ना? आण्णाच्या वाटेत बस नाही, गोठा आहे. शेवटी दादाच्या घरातूनच निरोप आला: मजुरी द्या, आणि माणूसही आम्ही देतो. पुढे मी काही विचारले नाही.

आणि मग ४ डिसेंबर २०२३. मिचाँग वादळाने चेन्नई बुडाली, बेसिन ब्रिजजवळ पुलापाशी पाणी चढले, गाड्या रद्द झाल्या. टीव्हीवर विमानतळावरचे पाणी पाहून गावाकडून फोन सुरू झाले. त्यात २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची आठवण कुणीतरी काढली. आम्ही दोन रात्री लाईनवरच होतो. तिसऱ्या दिवशी मी एवढेच कळवले की तारीख जानेवारीची का धरली ते आता सगळ्यांनी पाहिले, तिकिटे कुणी रद्द करू नयेत. कुणी केली नाहीत.

लॉज निवडायला मी मोजपट्टी घेऊन गेलो. पायऱ्या किती, तळमजल्यावर खोल्या किती, कमोड कुठे, रात्री दिवा लागतो का. समुद्र दिसतो की नाही हे शेवटी पाहिले. जेवणाला भात-सांबार स्थानिक आचाऱ्याचे, पण सोलापूरकराला तीन दिवस भाकरी नाही म्हणजे दंगलच. वीस किलो ज्वारीचे पीठ गाडीतून आले आणि सौकारपेठेतल्या आपल्या गलाईवाल्या मित्रांच्या ओळखीने भाकरी थापायला दोन बायका मिळाल्या. इडल्या पाहून मात्र पोरांनी भाकरीकडे ढुंकूनही पाहिले नाही.

समुद्राबाबत मी कडक होतो. तिथले पाणी आत ओढते, पोहणाऱ्यालाही. रुळावर गँग काम करते तेव्हा एक माणूस फक्त गाडीकडे बघत उभा असतो, त्याने हातात पहार घ्यायची नाही. तसेच आम्ही दोघे शिट्ट्या घेऊन उभे राहिलो, पाण्यात गेलो नाही. गुडघ्याच्या वर पाणी आले की शिट्टी. पोरे चिडली. चिडू द्यावीत.

आत्याला वाळूतून प्लास्टिकच्या खुर्चीवर नेले. खुर्चीचे पाय रुतत होते म्हणून खाली प्लायवूडची फळी टाकली. रुळांखाली स्लीपर हेच काम करतो. तिने पायावर पाणी घेतले, ओंजळीत घेतले, चाखले. "खरंच खारट हाय की," एवढेच म्हणाली, आणि मग तास झाला तरी उठायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली. सातव्या शतकातले हे पल्लवांचे काम १९८४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तपश्चर्येच्या त्या मोठ्या शिल्पात एक मांजर तप करते आहे आणि उंदीर तिच्यापुढे उभे आहेत. ते मुलांना दाखवल्यावर गणेश रथापर्यंत न्यायला त्यांची मनधरणी करावी लागली. शेजारच्या कृष्ण मंडपात गाय दोहणारा गवळी कोरला आहे आणि गाय वासराला चाटते आहे. आण्णा तिथून हलेना. गवळ्याची बसण्याची पद्धत, चरवी धरलेली, सगळे त्याने तपासले. मागे दादा उभा होता. बराच वेळ कुणीच बोलले नाही. मग दादा म्हणाला, "पान्हा सोडलाय बघ तिनं." आण्णा म्हणाला, "वासरू म्होरं हाय नव्हं, सोडणारच." तिथून गोठ्यात आता किती लिटर निघते यावर दोघे बसपर्यंत बोलत गेले. विहिरीचा विषय निघाला नाही. तो अजूनही तलाठ्याकडे आहे.

हिशेबात चार हजार दोनशे रुपये उरले, ते काकांकडे आहेत. पुढच्या खेपेला गुहागरला जावे असे पुण्याकडच्यांचे म्हणणे आहे, तिथे आत्याच्या गुडघ्यांना पायऱ्या किती ते पाहायला भाचा गेला आहे. याद्या, खोल्यांचे तक्ते आणि तिकिटांचे नमुने एका फाईलमध्ये लावले आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी आरतीनंतर मला गाठावे, झेरॉक्स काढून देतो.