मार्थेचे पान

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



'पवित्र शास्त्र मला कसे भेटले' यावर दहा मिनिटे बोला, असे सेक्रेटरीबाईंनी सांगितले. मी मराठी सातवी शिकलेली. भाषणापेक्षा शंभर पानांचा स्वयंपाक मला सोपा. तेव्हा घरातलीच गोष्ट सांगते.

माझ्या सासूबाई अर्धांगवायूने तीन वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांचे उठवणे-बसवणे, न्हाऊमाखू, भरवणे सारे माझ्याकडे. गुरुवारच्या प्रार्थनेला माझी जागा रिकामी राहू लागली. त्यातच एका रविवारी पाहुणे उपदेशक आले आणि मार्था व मरिया या बहिणींवर बोलले. गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. शेजारच्या भगिनींसाठी थोडक्यात सांगते. प्रभु येशू त्यांच्या घरी आला. मरिया त्याच्या पायांशी ऐकत बसली आणि मार्था कामात गढून गेली. बहिणीला मदतीला पाठवा, असे तिने म्हणताच प्रभूने तिलाच समजावले. उपदेशक म्हणाले, मार्थेसारख्या बायांचे चित्त चुलीपाशी असते. मला वाटले, सारे देऊळ माझ्याकडे वळून पाहते आहे. घरी आले ती रडतच भाकऱ्या थापायला बसले. मी बसून ऐकत राहिले असते तर सासूबाईंच्या तोंडात घास कोणी घातला असता? त्या दिवसापासून लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मी मनातून मिटून टाकला.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून शास्त्र पाठ होते. रोज दुपारी एक अध्याय वाचायचा, क्रमाने, मधले काही गाळायचे नाही, असा त्यांचा दंडक. दहावा अध्याय आला तेव्हा मी शेवटचा भाग गुपचूप सोडला. त्यांनी लगेच विचारले, "मार्थेचं कुठं गेलं?" मग मात्र सगळे रडून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "लूक संपू दे. योहानात ती परत भेटते."

पंचविसाव्या दिवशी योहानाचा अकरावा अध्याय आला. लाजर, त्यांचा भाऊ, मेलेला. प्रभु येतो आहे हे कळताच मरिया घरात बसून राहिली. गावाबाहेर सामोरी गेली ती मार्था! तिने आधी गाऱ्हाणे घातले, तू इथे असतास तर भाऊ मेला नसता म्हणून. आणि त्याच दमात, तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र, असा विश्वास बोलून दाखवला. पेत्राने जी कबुली दिली म्हणून त्याची एवढी थोरवी, तीच या चुलीपाशी राबणाऱ्या बाईच्या तोंडी! शिवाय त्या घरातल्या कोणाकोणावर प्रभूची प्रीती होती हे योहान सांगतो, तेव्हा पहिले नाव मार्थेचे घेतो. पुढच्या अध्यायात ती पुन्हा वाढते आहे, पण कोणी तिला बोल लावत नाही.

मी वाचता वाचता थांबले. हे पान मला पाठवले आहे, असेच वाटले. मग लूक पुन्हा उघडला. प्रभूने तिला समजावताना तिचे नाव दोनदा घेतले होते. रागावलेला माणूस असे नाव घेत नाही, भगिनींनो. ताप आलेल्या लेकराला आई तशी हाक मारते.

पंडिता रमाबाईंचेही असेच झाले. इंग्लंडात असताना पतित स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले आणि हे कशाच्या बळावर, असे विचारले. तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ती त्यांच्या काळजात शिरली. त्याच मुक्कामात, १८८३ साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला अनाथ बायांचा एवढा संसार सांभाळून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणले. १९२२ साली त्या वारल्या, तोवर हे काम चालू होते.

एक कबूल करते. थोरल्याच्या परीक्षेच्या वेळी मी डोळे मिटून शास्त्र उघडले आणि बोट ठेवले. बोट पडले वंशावळीवर! नुसती नावेच नावे. सासूबाई हसून म्हणाल्या, "हा काय पिंगळ्याचा पोपट आहे? रोज वाच, म्हणजे ज्या दिवशी तुझं असेल त्या दिवशी तुला मिळेल."

त्याच आठवड्यात मी मंडळात निरोप धाडला: मला येता येत नाही, तुम्हीच आमच्याकडे या. चौघीजणी आल्या. सासूबाईंच्या खाटेभोवती बसून वाचले. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली, पण गुरुवारचे वाचन आमच्या ओसरीवरच होते. शेजारच्या भगिनींनीही यावे. चार वाजता. चहा आळीपाळीने एकेक जण करते आणि ती आत असली की वाचणारी थांबते.