पहिलं वर्ष : विचारायला लाजू नका



बारावी झाली.
पेटी उचलून कुणी नांदेडला आलं, कुणी लातूरला.
आज बोलूया त्यांच्या पहिल्या वर्षाबद्दल.

आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ
17 सप्टेंबर 1994 ला स्थापन झालं.
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून.
मुख्य परिसर नांदेडजवळ, विष्णुपुरीला.
लातूरला उपपरिसर.

इथं पहिला धक्का बसतो, तो मोकळ्या वेळेचा.
‘लातूर पॅटर्न’मध्ये घडलेली पोरं सरावपरीक्षांवर वाढलेली.
क्लास, टेस्ट, पुन्हा क्लास.
गैरहजर राहिलं, की घरी फोन.

आणि आता?
दुपारी दोनला तास संपतो.
पुढं काय करायचं, कुणीच सांगत नाही.
खोलीवर मेसचा डबा येतो.
वरण पातळ, पोळ्या गार.
आईची आठवण येते, आणि अभ्यास उद्यावर जातो.
सेमिस्टर मात्र थांबत नाही.
दिवाळीच्या आगेमागे परीक्षा दारात.

म्हणून, मित्रांनो, विचारा.
तास कळला नाही, सरांना विचारा.
अंतर्गत गुण कसे मिळतात, मॅडमना विचारा.
खेड्यातली आपली पोरं इथंच गप्प बसतात.
हुशारी कमी नसते, भीड जास्त असते.

आणखी एक.
शिष्यवृत्तीचा ‘महाडीबीटी’ पोर्टलवरचा अर्ज वेळेत भरा.
उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.
बँक खातं आधारला जोडलंय ना, तेही बघा.
‘कमवा व शिका’ योजना कॉलेजात आहे का, विचारा.

पुन्हा सांगते, विचारायला लाजू नका.
उद्याच कॉलेजच्या ऑफिसात जा.
शिष्यवृत्तीच्या खिडकीवर अर्जाची शेवटची तारीख विचारून या.